साक्षीची ओळ

संशोधन केंद्रात तिला सगळे चिमटाबाई म्हणत. कुणी वाईट मनानं ठेवलेलं नाव नव्हतं ते. तिच्या उजव्या हातात दिवसभर एक बारीक, टोकाशी सुईसारखा निमुळता होत गेलेला चिमटा असायचा आणि बोलताना ती हातवारे करायची तेही चिमट्यानंच. केंद्रानं बाकीच्या बायकांना दिलेले चिमटे जाड होते. त्यांनी पायातला काटा काढावा, फूल उघडू नये. हिचा चिमटा घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा होता. तो तिला नवऱ्यानं दिला होता, नवरा व्हायच्या आधी.

ती गोष्ट ती रंगवून सांगायची. गजराचं घड्याळ बंद पडलं म्हणून ती त्याच्या दुकानात गेली होती. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधल्या फटीत बसवलेलं एक टेबल, वर दिवा, पुढे काच. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला. मान वर न करता त्यानं विचारलं, "काय झालंय?"

"मला रोज उशीर होतोय," ती म्हणाली.

तेव्हा त्यानं मान वर केली. काम काय करता, विचारलं. तिनं सांगितलं, कळ्या उघडते, आतलं काढते, दुसरं घालते, आणि जाड चिमट्यानं निम्म्या कळ्या फाटतात. तो म्हणाला, "म्हणजे तुमचा-माझा धंदा एकच. फक्त तुमची घड्याळं उगवतात." आणि टेबलाच्या खणातून हा चिमटा काढून दिला. "घेऊन जा. काम झालं की परत आणून द्या."

"परत द्यायला गेले, ती तिथंच राहिले," असं म्हणून चिमटाबाई थांबायची, आणि बायका हसायच्या. दर हंगामात हसायच्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत.

केंद्रात काम चालायचं ते बाकल्यावर. बाकला म्हणजे वालाचा जाडजूड चुलतभाऊ. फूल पांढरं, पाकळीवर काळा ठिपका. ओळीच्या टोकाशी उभं राहिलं की पुष्कळ डोळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं. हे फूल उमलायच्या आधी कळी चिरायची, आतले परागकोश एकेक करून काढून टाकायचे, मग दुसऱ्या झाडाचे पराग आणून आतल्या नाजूक टोकाला लावायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. मधमाश्यांनी लुडबुड करू नये म्हणून हे सगळं जाळीघरात. शास्त्रज्ञ याला संकर म्हणतात. बायका म्हणायच्या, लग्न लावणं. लावलेलं फूल शेंग न धरता गळून पडलं की म्हणायचं, माहेरी गेली. बरीचशी माहेरीच जात. राहिलेल्यांतून शेंग, शेंगेतून बी, बियांतून पुढच्या हंगामाची एक ओळ.

आणि प्रत्येक वाफ्याच्या कडेला एक ओळ जुन्या, साध्या बाकल्याची. नव्या झाडांची तुलना करायची तर कशाशी, तिच्याशी. कागदोपत्री तिला काय म्हणत ते कुणास ठाऊक. बायका तिला साक्षीची ओळ म्हणत. तिला पाणी इतरांइतकंच, खत इतरांइतकंच, कीड पडली तर औषधही इतरांइतकंच. कमी नाही, जास्त नाही. तिनं फक्त आहे तसं उभं राहायचं, म्हणजे शेजारची किती सरस निघाली ते दिसतं.

एका वर्षी आत्याला त्या ओळीची दया आली. आत्या म्हणजे कामावरची सगळ्यांत जुनी बाई, म्हणून सगळ्यांची आत्या. ओळ उन्हानं पिवळी पडली होती. आत्यानं कुणाचं लक्ष नाही असं बघून तिच्या मुळाशी खताचं घमेलं रिकामं केलं. ओळ अशी तरारली की हंगामाच्या शेवटी नवं कोणतं आणि जुनं कोणतं यात फरकच दिसेना. या सगळ्या कारभाराच्या प्रमुख मॅडम, दिसायला किरकोळ, पण बूट रुतेपर्यंत चिखलातून हिंडणाऱ्या, त्या कुणालाही रागावल्या नाहीत. जाळीघराच्या पायरीवर बसून राहिल्या. "वर्ष गेलं," एवढंच म्हणाल्या. आत्यानं त्या दिवशी डबा उघडला नाही.

"मी मेलीनं साक्षीदाराला लाच दिली," ती पुढे सांगायची. हसत सांगायची, पण बेतानं.

चिमटाबाईनं ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा घड्याळजी इतका हसला होता, की त्याच्या डोळ्यावरचं भिंग खाली पडलं.

*

त्याचा हात पहिल्यांदा थरथरला तेव्हा तो चहा ढवळत होता. चमचा कपाच्या काठाला लागून वाजत राहिला. "कोण आलंय बघ," दाराकडे बघत तो म्हणाला. दोघंही हसली. मग पुन्हा वाजला, आणि पुन्हा, आणि मग दोघांनी चमच्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या दिल्या. गोळी घेतली की हात शांत व्हायचा, पण तो शांतपणा धुतलेल्या कापडासारखा दर खेपेला थोडा थोडा आटत गेला. आधी दुकानाची सकाळ त्यात मावायची. नंतर तास-दीड तास. मग एखादा पट्टा बदलण्यापुरता वेळ. गिऱ्हाईकं चांगली होती, त्यामुळे कुणी तोंडावर काही बोललं नाही. त्यांची घड्याळंच बिघडायची थांबली.

एक घड्याळ मात्र दुकानात राहिलं होतं. ते मास्तरांचं. भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर शेजारच्या गल्लीत एकटे राहात. त्यांचं किल्लीचं जुनं मनगटी घड्याळ घड्याळजीनं साफ करायला उघडलं, पुर्जे क्रमानं मांडले आणि नेमका त्याच आठवड्यात हात बिनसला. तेव्हापासून ते घड्याळ टेबलावर एका काचेच्या वाडग्याखाली उघडं पडून होतं. धूळ बसू नये म्हणून वाडगा, आणि हात लागू नये म्हणूनही.

मास्तर दर आठवड्याला येत. "झालं का?"

"होतंय."

"मला घाई नाही. वेळ विचारणारं घरी कुणी नाही."

"मास्तर, बाजारात तो नवा बसतो, हात चांगला आहे त्याचा. त्याच्याकडे देऊ का?"

"तुम्ही उघडलंय, तुम्हीच मिटा," मास्तर म्हणत. "नाहीतर त्याला वाटेल, बिघडलंय."

घड्याळजीला ते वाक्य फार लागलं. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. त्याला फक्त मिटायचं होतं. एवढं एक जमलं की आपण अजून घड्याळजी आहोत, असं त्यानं मनाशी धरलं. बायकोनं एकदा म्हणून पाहिलं, "तुम्ही सांगा, मी बसवते. माझा हात आहे ना."

"फुलाचं ठीक आहे गं, चुकलं तर माहेरी जातं," तो म्हणाला. "घड्याळाला माहेर नसतं."

*

बाकल्याच्या कोवळ्या शेंगेत एक द्रव्य असतं, कंपवाताच्या गोळीत असतं तेच. मॅडमची सगळी खटपट ते द्रव्य वाढवण्याची होती. चिमटाबाईला ते पहिल्यापासून माहीत होतं, पण आभाळात ढग आहेत हे माहीत असावं तसं. ज्या फुलांची लग्नं ती इतके हंगाम लावत आली त्यांची नातवंडं एक दिवस आपल्याच घराचं दार वाजवतील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या हॉस्पिटलानं नव्या वाणाची परीक्षा घ्यायचं ठरवलं. रोग्यांनी आपापल्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि वरून शेंगांची पूड घ्यायची. निम्म्यांना नव्या शेंगांची, निम्म्यांना जुन्या, साध्या शेंगांची. पुड्या दिसायला सारख्याच. कुणाला कोणती मिळाली ते ना रोग्याला माहीत, ना डॉक्टरला. घड्याळजी तिथं तपासायला जायचाच. डॉक्टरांनी विचारलं, त्यानं होकार दिला. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा शाळेत निवड झालेल्या मुलासारखा होता. "तुझ्या शेंगा! म्हणजे तूच मला औषध देणार की."

दुसऱ्या दिवशी चिमटाबाईनं मॅडमना सांगितलं. मॅडम पाणी पीत होत्या, त्या थांबल्या.

"हे मला सांगायला नको होतंस."

"नाव काढून टाकाल त्यांचं?"

"ते हॉस्पिटलाच्या हातात आहे. त्यांनी घेतलंय तर घेतलंय." मॅडमनी बाटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "एक कर. घरी शेंगांबद्दल बोलू नकोस. आणि इथं घरच्याबद्दल बोलू नकोस. कुणाच्या वाट्याला काय आलंय ते मलाही माहीत नाही, आणि मला माहीत करून घ्यायचंही नाही."

ती बोलली नाही. बोलायची गरजही पडली नाही, कारण घड्याळजीच बोलत होता. पूड पाण्यात कालवायची आणि लगेच प्यायची, सकाळी एक, संध्याकाळी एक. थोड्याच दिवसांत तो म्हणाला, "अगं, बघ." हात पुढे केला. थरथर होती, पण आधीसारखी नव्हती. हा भास नव्हता, तिनंही पाहिलं. तो शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला. रोज सकाळी शेवटचं बटण लावून तिच्यासमोर येऊन उभा राहायचा आणि एखाद्या हवालदारासारखा सलाम ठोकायचा. दुकानात जाऊन त्यानं टेबल पुसलं, अवजारांना तेल दिलं. मास्तरांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात घेऊन जा."

"एवढी घाई कशाला," मास्तर म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी जाताना वाडग्यात वाकून पाहिलं.

मग शेतात शेंगा निघाल्या. कोवळ्या शेंगा तोडून, मोडून, वाळवणघरात पसरायच्या. नव्या वाणाची शेंग मोडली की तिच्या रसाला हवा लागते आणि तो काळा पडतो. बायकांची बोटं हंगामभर अशी काळी राहतात, की साबणानं जात नाहीत. जुन्या ओळीच्या शेंगेनं बोटाला फक्त मातकट रंग येतो, तोही संध्याकाळपर्यंत निघतो. पूड दळायच्या जात्याखालची बादली नुसती धुतली तरी नव्या पुडीनं पाणी शाईसारखं व्हायचं. ज्या द्रव्यापायी हे सगळं, तेच काळं पडतं, असं मॅडमनीच कधीतरी सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली. घड्याळजीनं सकाळी घाईत कप तसाच खिडकीत ठेवला होता. तळाशी घोटभर पूड राहिलेली, दिवसभर हवा खात. तिनं धुवायला कप उचलला. तळाशी जे होतं ते फिकट होतं. दूध घातलेल्या चहासारखं. तिनं कप उजेडात धरला, आणि त्याला धरलेली आपली बोटं पाहिली.

नळ चालू होता. तिनं तो बराच वेळ बंद केला नाही.

आतून घड्याळजी म्हणाला, "काय गं, कप फोडलास की काय?"

"नाही," ती म्हणाली. "धुतेय."

*

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. ती खोटं बोलली नव्हती. बोलायचं नाही असंच तर ठरलं होतं. पण सकाळी तो बटणं लावून समोर आला की तिला हसावं लागायचं, आणि ते हसणं तोंडावर आणायला बादलीनं विहिरीतून पाणी ओढावं इतके कष्ट पडायचे. त्याचा हात बरा होता हे खरंच होतं. कशानं बरा होता, ते तिला सांगता आलं नसतं. साधी शेंग होती. जुन्या ओळीची. आपणच पेरलेली.

आणि मग एके दिवशी तो दुकानातून लवकर परतला. एक स्क्रू हातातून निसटला होता, मोहरीच्या दाण्याहून लहान, तो शोधता शोधता दुपार गेली. "आज पुडीचा जोर कमी दिसतोय," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. पण तो वाडग्यातल्या घड्याळाबद्दल काही बोलला नाही, आणि तिच्या ते लक्षात आलं.

वाळवणघरात नव्या वाणाच्या तुटक्या, किडक्या शेंगांचा ढीग बाजूला काढलेला असायचा, खतात टाकायला. तिथं आत्या एकटीच बसली होती.

"आत्या, तू त्या वर्षी खत का घातलंस?"

"आता कुठं आठवलं तुला?" आत्यानं शेंग मोडायची थांबवली नाही. "ओळ माझ्याकडे बघत होती."

"आणि कळलं सगळ्यांना."

"कळणारच. पण माझी ओळ मुकी होती बाई. तुझी जेवते, बोलते, तुझ्याकडे पाठ करून झोपते." चिमटाबाईनं तिला काही सांगितलं नव्हतं. पण एकत्र काळी झालेली बोटं एकमेकींना बरंच सांगतात. "मला विचारतेस होय? मी बदनाम बाई. मी आजसुद्धा घातलं असतं."

त्या ढिगातल्या ओंजळभर शेंगा तिनं डब्यात घातल्या. घरी वाळवल्या, मिक्सरमधून काढल्या. पूड तशीच दिसत होती, हॉस्पिटलच्या पुडीसारखीच. एका सकाळी तिनं ती कपात कालवली आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं हात पुढे केला, पण हात तेव्हा फार हलत होता, म्हणून तो थांबला. हात निवेपर्यंत थांबायची त्याला सवय होती. चिमटाबाई ओट्याशी वळली. ती परत वळली तेव्हा तो कपात बघत होता.

कपातलं पाणी काळं पडत चाललं होतं.

"हे काय?"

"पुडी. तुमची."

"माझी अशी होत नाही." तो हळू बोलत होता. घड्याळाचं मागचं झाकण काढल्यावर आत कुठं काय अडलंय ते बघताना तो असाच व्हायचा. "माझी शेवटपर्यंत चहाच्या रंगाची राहते. मी रोज बघतो." मग त्यानं तिच्या हातांकडे पाहिलं. तिनं ते पदराआड घेतले, आणि तिथंच चूक झाली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"शेंगा निघाल्या तेव्हापासून."

"म्हणजे मी साध्या शेंगा पीत होतो."

तिनं पदराआडची बोटं आणखी आत ओढली.

"आणि मी तुला बटणं लावून दाखवत होतो," तो म्हणाला.

तिला वाटलं, त्यानं ओरडावं. त्यानं कप थोडा दूर सरकवला, एवढंच.

"प्या ना," ती म्हणाली. "हे खरं आहे. हात थांबेल. घड्याळ होईल तुमचं."

"आणि हॉस्पिटलात हात तपासताना बोटांची उघडझाप करायला लावतील तेव्हा?"

"त्यांना काय कळतंय."

"त्यांना नाही कळणार, म्हणून तर." त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, हसू म्हणावं तर तसं नव्हतं. "साक्षीदाराला लाच देतेस होय? अगं, ज्यांना काळी मिळतेय त्यांचा हात सुधारला हे ठरणार कशावरून? माझा सुधारला नाही, यावरूनच ना?"

"मला त्यांचं काय करायचंय!" आता तीच ओरडली. शेजारच्या खिडकीतलं कुणीतरी बोलायचं थांबलं. "मला तुमचा हात पाहिजे."

"हा घे," तो म्हणाला, आणि हलणारा हात त्यानं तिच्या हातात दिला. ती दोन्ही हातांनी धरून बसली. धरला तरी तो आतून हलतच होता, मुठीत धरलेल्या पाखरासारखा. टेबलावरचा कप तोपर्यंत पुरता काळा झाला होता.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पुडी घेतली, हॉस्पिटलची. कधी चुकवली नाही. पण हात आता ऐकेना. तीच पूड, तेच पाणी, तोच कप. फरक एवढाच की आता त्याला माहीत होतं. आठवड्याभरात वरचं बटण गेलं, मग दुसरं. एका सकाळी तो शर्ट हातात घेऊन नुसता उभा राहिला, आणि तिनं काही न बोलता बटणं लावली. तेव्हा तिला पुरतं कळलं की आपण काय केलं. हात परत आणायला गेलो, आणि होता तेवढाही घालवून बसलो. साध्या शेंगेवर तो जे काही जगत होता ते तिनं एका कपात बुडवलं होतं.

हॉस्पिटलात ती बरोबर जायची. तिथं एका कागदावर मधून बाहेर फिरत जाणारं वेटोळं काढायला लावत. आधीच्या खेपेला त्यानं ते बरं काढलं होतं. "घड्याळातली कमान आहे ही, केसाएवढी," असं डॉक्टरीणबाईंना कौतुकानं सांगितलं होतं. या खेपेला रेघ करवतीच्या दात्यांसारखी गेली. "मागच्या वेळी छान होतं की," त्या म्हणाल्या. "काही वेगळं घडलं का घरी?"

"नाही," घड्याळजी म्हणाला. "वय घडतंय."

ती खाली मान घालून बसली होती. आपण ओळीला खत घातलं नाही, पण तिचं पाणी तोडलं, हे तिनं त्या बाईंना सांगायला हवं होतं की काय, हा विचार तिला बसमध्ये सुचला, तोवर हॉस्पिटल मागे गेलं होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा त्यानंच तिला दुकानात बोलावलं. काचेचा वाडगा उचलून बाजूला ठेवला होता. "ये, बस इथं. तुझा चिमटा आणलास ना?"

"घड्याळाला माहेर नसतं म्हणाला होतात."

"नसतंच. म्हणून जपून."

त्याचा आवाजही आताशा बसला होता, त्यामुळे तिला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागायचा. तो सांगायचा, हे चाक, असं नाही, आडवं धर, श्वास सोड आणि मग ठेव. ती ठेवायची. "फुलापेक्षा सोपं आहे," ती एकदा म्हणाली. "हे गळत नाही." तो हसला. बरेच दिवस ती दोघं दुपारी असं बसत. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा-म्हातारी काहीतरी गुपित बोलतायत. मास्तरही एकदा येऊन काही न विचारता बाहेरच्या बाहेर परत गेले.

शेवटचं चाक राहिलं, कमानीचं, सगळ्यांत नाजूक. "हे उद्या," तो म्हणाला. "उजेड गेलाय."

दुसऱ्या दिवशी जेवताना त्याला ठसका लागला. कंपवातात गिळणंही बिनसतं, हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, पण ते तिनं हातापुढं मनावर घेतलं नव्हतं. घास छातीत गेला, छाती भरली, ताप आला. हॉस्पिटलच्या खाटेवर त्याचा हात गाढ झोपेत मात्र स्थिर असायचा, अगदी स्थिर, आणि ती तो बघत बसायची. मग एका सकाळी तो जागेपणीही स्थिर झाला आहे असं तिला वाटलं, आणि ती आनंदानं परिचारिकेला हाक मारायला उठली.

*

तेरावा झाला तरी मास्तर घड्याळ न्यायला आले नाहीत, शेवटी तीच घेऊन गेली. छोट्या डबीत, कापसावर.

"एवढंच राहिलंय?"

"एक चाक."

"मग तुम्हीच बसवा की. तुमचा हात आहे."

"हात आहे," ती म्हणाली. "पण पुढचं त्यांनी सांगितलं नव्हतं."

मास्तरांनी डबी दोन्ही हातांनी घेतली आणि काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तशी आत नेली.

परीक्षेचा निकाल आला तेव्हा पेरण्या चालू होत्या. मॅडम शेतातून चालत तिच्यापर्यंत आल्या. चांगली बातमी तोंडावर होती आणि ती कशी सांगावी हे त्यांना कळत नव्हतं.

"फरक आला. स्पष्ट आला. नवं वाण आता बाहेर जाईल, पुष्कळ ठिकाणी." मग जरा थांबून, "कुणाची कोणती पुडी, ते आता सगळं उघडलं आहे. तुमच्या घरचं मी पाहिलेलं नाही. तू म्हणालीस तर पाहते."

"नको. साक्षीत होते ते."

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. "तुला कधी कळलं?"

"कप धुताना." ती हातातली माती झटकत म्हणाली. "एकदा काळी करून दिली होती, मॅडम. प्यायले नाहीत. पण त्यांना कळलं, आणि मग हात गेला. तुमचा फरक त्यामुळे थोडा मोठाच आला असेल. कुठं लिहायचं असेल तर लिहा."

मॅडम मागे वळल्या. जाळीघराच्या पायरीशी गेल्या आणि आत्याच्या वर्षी बसल्या होत्या तशा बसल्या. लिहिलं की नाही, ते चिमटाबाईनं कधी विचारलं नाही.

त्या हंगामातही वाफ्याच्या कडेला जुन्या बाकल्याची ओळ होती. ती पेरायला आत्या पुढे झाली, पण चिमटाबाईनं बियांची पिशवी तिच्या हातातून घेतली. उन्हं तापली तशी ओळ पिवळी पडायला लागली. दुपारच्या सुट्टीत बाकीच्या बायका झाडाखाली जात. चिमटाबाई आपला डबा घेऊन त्या ओळीशी जाऊन बसायची.

"अगं, सावलीत ये की!" आत्या लांबून ओरडायची. "भाजून निघशील!"

ती चिमटा धरलेला हात वर करून हलवायची आणि तिथंच बसून राहायची. पाणी पिताना बाटली मात्र दोन्ही हातांनी, तोंडाशी घट्ट धरून प्यायची, ओळीत एक थेंबसुद्धा सांडू नये म्हणून.